प्रतिस्पर्ध्याचं इंजिन आपल्या गाडीत बसवताना

फॉर्म्युला वनमध्ये स्वतःचं इंजिन बनवणं मोजक्याच कंपन्यांना जमतं. बाकीच्या टीम ज्यांच्याशी रविवारी झुंजायचं, त्यांच्याकडूनच इंजिन घेतात. २०२६ मध्ये मॅक्लारेन, विल्यम्स आणि अल्पीन मर्सिडीजच्या इंजिनावर आहेत, तर हास आणि कॅडिलॅक फेरारीच्या. इंजिन निवडताना सगळ्यांचं लक्ष अश्वशक्तीकडे जातं. पण दुसऱ्याचं इंजिन घेणाऱ्या, म्हणजे कस्टमर टीमचा घात बहुतेक वेळा होतो तो इंजिनाची मापं उशिरा हाती आल्यामुळे. स्वतःचं इंजिन बनवणाऱ्या वर्क्स टीमची चासी (ड्रायव्हर बसतो तो पुढचा सांगाडा) आणि इंजिन एकमेकांशी बोलत वाढतात. कस्टमरला ठरलेला आकार मिळतो. म्हणून करारात पैशांइतकाच वेळ तारखांवर घालवा.

पूर्वी भांडण जुन्या इंजिनाचं असायचं. २०१५ मध्ये मॅनॉर २०१४ चं फेरारी इंजिन घेऊन धावली, २०१६ मध्ये टोरो रोसोकडे २०१५ चं होतं, २०१७ मध्ये सॉबरकडे २०१६ चं. हंगामाच्या सुरुवातीला हे खपून जातं. इतरांची इंजिनं सुधारत गेली की तीच गाडी सरळ रस्त्यावर मागे पडते. २०१८ पासून एफआयएने, म्हणजे या खेळाच्या नियामक संस्थेने, ही वाट बंद केली. उत्पादकाने सर्व टीमना सारखेच सुटे भाग, सारखंच सॉफ्टवेअर आणि सारखेच मोड (ताकदीच्या सेटिंग) द्यायचे, असं ठरलं. मात्र हा नियम इंजिनापुरता आहे. इंजिनाचं त्रिमितीय मॉडेल तुमच्या डिझायनरला कोणत्या महिन्यात मिळेल, हे करारच ठरवतो. तेव्हा बाहेरचा अंतिम आकार, प्रत्येक कूलिंग सर्किटमधून किती किलोवॉट उष्णता बाहेर काढायची तो आकडा, आणि जोडबिंदूंवर येणारे भार, या तिन्हींच्या तारखा लेखी घ्या. यात उष्णतेचा आकडा सर्वांत उशिरा येतो आणि तोच सर्वांत महाग पडतो.

गिअरबॉक्सचा निर्णय याच वेळी घ्यावा लागतो. हास तो फेरारीकडून घेते, मॅक्लारेन स्वतः बनवते. विकत घेतल्यास माणसं आणि चाचण्यांचा खर्च वाचतो, पण मागच्या सस्पेन्शनचे आतले बिंदू गिअरबॉक्सच्या केसिंगवर असतात. म्हणजे पुरवठादाराने स्वतःच्या गाडीसाठी निवडलेली भूमिती तुमच्या गळ्यात पडते आणि तिच्याभोवतीच मागचं एरोडायनॅमिक्स जुळवावं लागतं.

आता प्रत्यक्ष बसवणं. १९६७ साली लोटस ४९ मध्ये कॉसवर्थ डीएफव्ही आलं, तेव्हापासून इंजिन हा गाडीच्या सांगाड्याचाच भाग मानला जातो: पुढे चासी, मागे गिअरबॉक्स, आणि मधला सगळा भार इंजिनाच्या अंगावर. २०१४ मध्ये आलेल्या नियमांनी चासीकडे सहा एम१२ स्टड (१२ मिलिमीटरचे जोडबोल्ट) आणि क्रँकशाफ्टची उंची ९० मिलिमीटर ठरवून दिली. त्यामुळे एक काढून दुसरं बसवणं सोपं वाटतं, पण अडचण टर्बोच्या जागेत आहे. मर्सिडीजने २०१४ मध्ये टर्बोचा हवा दाबणारा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पुढे आणि एक्झॉस्टवर फिरणारं टर्बाइन मागे ठेवलं. पुढचा कॉम्प्रेसर चासीच्या पाठीत शिरतो, मग इंधनटाकीची मागची भिंत, तेलाची टाकी, हवेची नळी, सगळं नव्याने आखावं लागतं. मॅक्लारेनने २०२१ साठी रेनॉ सोडून मर्सिडीज घेतलं तेव्हा त्या वर्षी मिळालेले विकासाचे दोन्ही टोकन (गाडीत बदल करण्याच्या मोजक्या परवानग्या) या एकाच बदलात गेले. ब्रॉन या टीमने २००९ मध्ये होंडाच्या इंजिनासाठी आखलेल्या चासीचा मागचा भाग कापून मर्सिडीज बसवलं आणि विजेतेपदही मिळवलं. त्या गाडीचा डिफ्यूजर (मागच्या तळाचा, गाडी जमिनीकडे खेचणारा भाग) विलक्षण होता, म्हणून ते निभावलं. त्यावरून नियोजन करू नका.

कूलिंग आखताना हिशेब मेक्सिको सिटीचा धरा. ट्रॅक समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच आहे. विरळ हवा रेडिएटरमधून उष्णता कमी उचलते, आणि तीच हवा दाबण्यासाठी टर्बोला जास्त फिरावं लागतं. बॉडीवर्क सुरुवातीपासून घट्ट ठेवलं तर काय होतं ते २०१४ च्या हंगामाआधीच्या हेरेझ चाचणीत दिसलं. रेनॉचं नवं इंजिन आणि रेड बुलचं आवळलेलं पॅकेजिंग यांमुळे गाडी तापत राहिली आणि चार दिवसांत मोजक्याच फेऱ्या झाल्या. वेगवेगळ्या आकाराची मागची तोंडं असलेली तीन-चार इंजिन कव्हर तयार ठेवा. २०२६ पासून बॅटरीकडेही तितकंच लक्ष द्यावं लागतं, कारण एमजीयू-एच (टर्बोवरून वीज बनवणारी मोटर) गेलं आणि एमजीयू-केची (ब्रेक लावताना वीज बनवणारी व गाडी ढकलणारी मोटर) ताकद १२० वरून ३५० किलोवॉटवर आली. इंजिनाचं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर चालतं, बॅटरीला त्याहून बरंच थंड सर्किट लागतं. दोन्ही रेडिएटर एकामागे एक ठेवले तर थंड सर्किटवाला पुढे हवा, नाहीतर त्याला आधीच तापलेली हवा मिळते.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना घाई अंगाशी येते. क्रम असा:

१. वायरिंग लूम (तारांचं जाळं) आणि प्रत्येक सेन्सर सर्वांना सक्तीच्या असलेल्या स्टँडर्ड ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या संगणकावर) तपासा. तोवर हाय व्होल्टेज बंदच.

२. तेल-पाणी भरून हवा पूर्ण काढा. सिलिंडर हेडमध्ये बुडबुडा अडकला तर तेवढाच भाग करपतो आणि तापमानाचा आकडा मात्र ठीक दिसतो.

३. बाहेरच्या हीटरने तेल-पाणी गरम करून इंजिनातून फिरवा. फटी इतक्या बारीक असतात की थंड इंजिन फिरवणं म्हणजे ते खरवडणं.

४. व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नसते, दाबाखालचा वायू असतो. तो दाब तपासल्याशिवाय क्रँक फिरवू नका. दाब नसेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

५. इंधन आणि इग्निशन बंद ठेवून तेलाचा दाब चढेपर्यंत फिरवा, मगच पेटवा. गळती बघा, बंद करा, थंड होऊ द्या, पुन्हा एकदा करा.

हाय व्होल्टेज चालू असताना इन्सुलेटेड हातमोजे हवेतच. गाडीवरचा दिवा हिरवा नसेल तर हात लावायचा नाही, आणि ड्रायव्हरने गाडी व जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता उडी मारायची. यात सूट कुणालाच नाही.

रेसच्या वीकेंडला इंजिन एफआयएच्या सीलबंद अवस्थेत असतं, कस्टमर ते उघडू शकत नाही. पुरवठादाराचे इंजिनिअर तुमच्याच गॅरेजमध्ये बसतात आणि तापमानाच्या मर्यादा तेच सांगतात. त्यांना कोणते डेटा चॅनेल दिसतील याची यादी करारात जोडा: इंजिनाचे सगळे द्यावे लागतात, एरोच्या सेन्सरचे नाही. २०२० च्या इटालियन ग्रां प्रीपासून क्वालिफाइंग (सुरुवातीच्या जागा ठरवणारं सत्र) आणि रेसला इंजिनाचा एकच मोड चालतो, त्यामुळे ‘त्यांच्याकडे खास मोड आहे’ ही तक्रार आता फारशी टिकत नाही. बॅटरी फेरीत कुठे खर्च करायची हे मात्र तुमच्या हातात आहे, आणि ते सिम्युलेटरवर स्वतः सोडवा. २०२४ मध्ये मॅक्लारेनने टीमचं विजेतेपद घेतलं, त्याच इंजिनावर मर्सिडीज चौथी राहिली.

इंजिनांचा पूल, म्हणजे हंगामभर आलटूनपालटून वापरायचा साठा, आधीच कागदावर मांडा. २०२५ च्या नियमांत प्रत्येक ड्रायव्हरला इंजिन, टर्बो आणि दोन्ही एमजीयू प्रत्येकी चार, बॅटरी आणि कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स प्रत्येकी दोन मिळत होते. मर्यादा ओलांडली की त्या भागासाठी पहिल्यांदा रेसच्या सुरुवातीच्या रांगेत दहा जागांचा, नंतर पाच जागांचा दंड. बेरीज पंधराच्या वर गेली की थेट शेवटी. म्हणून दंड घ्यायचाच असेल तर अनेक भाग एकदम बदला, आणि स्पा किंवा माँझासारख्या ओव्हरटेकिंग शक्य असलेल्या ट्रॅकवर. मोनॅकोला कधीच नाही. जास्त धावलेलं इंजिन शुक्रवारच्या सरावाला वापरून ताजं शनिवार-रविवारसाठी राखा.

हंगाम संपला की इंजिनं कारखान्यात परत जातात. व्यवहार विक्रीपेक्षा भाड्याच्या जवळचा आहे. नव्या ड्रायव्हरच्या सरावासाठी जुनी गाडी चालवायची असेल, तर त्यासाठीची इंजिनं, किलोमीटर आणि सोबत येणारे इंजिनिअर मूळ करारातच मागून घ्या. नंतर मागितलं तर पुरवठादाराची स्वतःची टीम आधी येते.