कंपनी विकली, पण सरकारचा हिस्सा उरलाय का? असं तपासा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाबांचं आयपीसीएलचं, म्हणजे इंडियन पेट्रोकेमिकल्स या तेव्हाच्या सरकारी कंपनीचं, ओळखपत्र अजून कपाटात आहे, कडा झिजलेलं. 2002 मध्ये सरकारनं त्या कंपनीतले 26 टक्के शेअर रिलायन्सला विकले आणि 2007 मध्ये कंपनी रिलायन्समध्येच विलीन झाली. "मग सरकारचं काय उरलं?" शेजारचे काका अजून विचारतात. अशा कंपन्यांबद्दल हे घरबसल्या कळतं.

कंपनी शेअर बाजारात असेल तर बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर तिचं नाव टाकून 'शेअरहोल्डिंग पॅटर्न' (कोणाकडे किती शेअर, याचा तक्ता) उघडा. तिमाही संपल्यावर 21 दिवसांत तो द्यावाच लागतो. नुसता प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीवर ताबा असणाऱ्यांचा, तक्ता बघून थांबू नका, बहुतेक जण इथंच चुकतात. हिंदुस्थान झिंक खासगी हातात गेली, तरी सरकारचा हिस्सा 'पब्लिक'च्या (बाकी भागधारकांच्या) तक्त्यात, सरकारच्या वतीनं राष्ट्रपतींच्या नावानं सापडतो.

सरकारचा हिस्सा 51 टक्के किंवा जास्त असेल तर कायद्यानं ती सरकारी कंपनी. बाल्को (भारत अ‍ॅल्युमिनियम) या विकलेल्या कंपनीत सरकारकडे 49 टक्केच राहिले, म्हणून ती आता सरकारी नाही.

बाल्को शेअर बाजारात नाही. तिच्यासाठी खाण मंत्रालयाचा वार्षिक अहवाल बघा, नाहीतर 10 रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जात मोघम लिहू नका. तारीख घालून विचारा: "31 मार्च रोजी केंद्राकडे किती शेअर होते?"