तबेल्यात साथ शिरण्याआधी

पहिली खरेदी थर्मामीटरची, आणि सगळ्या तबेल्यात मिळून एकावर भागवायचं नाही. प्रत्येक घोड्याचा वेगळा हवा. घोड्याचा ताप गुदद्वारातून घेतात, म्हणून थर्मामीटरच्या टोकाला दोरी आणि चिमटा बांधून तो शेपटीच्या केसांना अडकवायचा, म्हणजे निसटला तरी पडत नाही. ताप दिवसातून दोनदा बघायचा, सकाळचा सरावाला नेण्याआधी. पळून आलेल्या घोड्याचं अंग तसंही तापलेलं असतं. निरोगी घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस. रोजचा आकडा ठाणाबाहेरच्या पाटीवर लिहायचा, मोतद्दाराच्या आठवणीवर सोडायचा नाही. एवढा खटाटोप अशासाठी की स्ट्रँगल्समध्ये (घोड्यांचा घशाच्या गाठी सुजवणारा संसर्गजन्य आजार) नाकातून जंतू पडू लागण्याच्या एक-दोन दिवस आधी ताप चढतो. तेवढ्यात घोडा बाजूला काढला तर शेजारी वाचतात. जबड्याखाली गाठ दिसेपर्यंत थांबलात तर ती संधी गेलीच.

बाजूला काढायचा तर जागा हवी. आजारी घोड्यासाठी एक ठाण आजच रिकामं करून ठेवा, नाहीतर ऐन वेळी तिथे गवताच्या गठड्या निघतात. ते इतरांपासून लांब असू द्या, कारण इन्फ्लुएन्झा खोकल्याबरोबर हवेतून पसरतो. तिथली बादली, झाडू, खरारा, लिदीचं फावडं यांना लाल पट्टी लावा. लाल पट्टीची वस्तू तिथून बाहेर येणार नाही. नवा घोडा आला की दोन-तीन आठवडे वेगळा. स्ट्रँगल्समधून उठलेला घोडा टवटवीत दिसला तरी गळ्याजवळच्या हवेच्या पिशवीत जंतू महिनोन्‌महिने राहू शकतात, म्हणून तपासणीशिवाय त्याला परत रांगेत बांधू नका.

आता माणसं. २००७ साली ऑस्ट्रेलियात घोड्यांचा इन्फ्लुएन्झा पहिल्यांदा पसरला, तो बहुधा विलगीकरण केंद्रातून माणसांच्या अंगावरून किंवा सामानावरून बाहेर पडला, असं चौकशीत निघालं. कुंपण होतंच, पण शिस्त ढिली होती. तेव्हा आजाऱ्यासाठी वेगळा मोतद्दार. तो नसेल तर आधी निरोगी घोडे, मग संशयित, शेवटी आजारी, आणि हात धुऊन कपडे बदलणं. लगामाची कडी, जीभ बांधायची पट्टी उसनी द्यायची नाही. पाण्याच्या नळीचं तोंड बादलीत बुडवायचं नाही. (हे सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे बुडवतात.) जंतुनाशक ओतण्याआधी लीद-पेंढा काढून साबणाने धुवा, घाणीवर ओतलेलं ब्लीच वाया जातं.

लसींच्या तारखा एका वहीत आणा. हर्पीसची लस घेतलेल्या घोड्यालाही त्या विषाणूमुळे मज्जासंस्थेचा आजार होऊ शकतो, त्यामुळे लसीच्या भरवशावर थर्मामीटर बाजूला ठेवू नका.

राहिली एक गोष्ट, तीच सगळ्यात अवघड. दोन घोड्यांना ताप आला तर पशुवैद्य सांगेपर्यंत तबेल्यातून एकही घोडा बाहेर जाणार नाही, हे कोण ठरवणार? शर्यत चार दिवसांवर असताना हे तोंडातून निघत नाही. ट्रेनर आणि मालकांना बसवून ते नाव आत्ताच ठरवा, आणि पशुवैद्याच्या नंबरशेजारी भिंतीवर लिहा.