छापील पाऊच घेण्याआधी कारण तपासा

क्रॉफर्ड मार्केटच्या मागे आमचं पॅकिंगच्या मालाचं दुकान आहे. घरगुती खाण्याच्या पदार्थांचा नवा धंदा काढणारी पोरं बँकेआधी आमच्याकडे येतात. मी आधी विचारतो, "कशासाठी करताय?" माल किती द्यायचा ते उत्तरावरून ठरतं.

"साहेबाची कटकट नको," हे नेहमीचं. विरारहून लोकलला लोंबकळत येणाऱ्याच्या तोंडी ते खोटं वाटत नाही. पण नोकरी लगेच सोडू नका. एक दिवाळी ऑर्डरी घ्या, रात्री अकराला "चकली मऊ का पडली?" म्हणणारं गिऱ्हाईक सांभाळा. साहेब निदान रविवारी तरी सोडतो.

"घरात पैसा हवाय" म्हणणारे सगळ्यांत चिवट. त्यांना उधारी मात्र झेपत नाही. त्यांनी दुकानात माल ठेवायला देऊ नये, पैसे माल खपल्यावर येतात. सोसायटीत, ओळखीच्या ऑफिसांत रोखीनं विकावं.

"आईच्या हाताला चव आहे" हे कारण मला आवडतं, आणि इथेच हिशेब चुकतो. आधी आईला विचारा, तिला हे रोज करायचंय का? मग तिचा अंदाजाचा मालवणी मसाला काट्यावर आणा: मिरची किती, धणे किती, भाजून-कुटून हातात किती उरला. दर काढताना मिरची, गॅस, डंकाची कुटाई, पाऊच सगळे धरतात. आईची मजुरी कोणी धरत नाही. ती धरून भाव परवडला, तरच तो धंदा. आणि चव मावशीला विचारू नका. अनोळखी माणूस पैसे मोजून दुसऱ्यांदा आला तर ती खरी पावती.

मैत्रिणीचं इन्स्टाग्राम बघून आलेल्यांना थोडे साधे पाऊच देतो आणि गप्प बसतो.

छापील पाऊच सुरुवातीला कोणीच घेऊ नये. मोठ्या छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, म्हणजे छपाईचा कोरलेला रूळ, लागतो, म्हणून थोडक्या मालाला ती परवडत नाही. साधा उभा पाऊच घ्या, वर स्टिकर लावा. त्यावर घटक, वजन, तारीख, एमआरपी आणि एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नोंदणी नंबर हवाच. छोट्या धंद्याला त्या नोंदणीची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, तर ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंटाला हजारो रुपये मोजू नका.

छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेतल्या 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. विक्रीची वही भरायला लागल्यावर मागा. सील मारायच्या मशीनसाठी तर कर्ज नकोच, साधं हातानं दाबायचं मशीन स्वस्तात येतं. मसाल्याला पावसाळ्यात दोन सील मारा.