आधी माणसं मोजा, मग तास लावा: ऑफिसमधल्या इंट्रोव्हर्ट मंडळींसाठी

टाइम मॅनेजमेंटचे जेवढे व्हिडिओ पाहिले ना, सगळ्यांत तेच, पहाटे पाचला उठा, लिस्ट करा, फोन लांब ठेवा. मी सगळं करून बसले. लिस्ट व्हायची, काम व्हायचं नाही, आणि संध्याकाळी विजयनगरहून राजेंद्रनगरला, म्हणजे इंदूरच्या या टोकाहून त्या टोकाला घरी पोचले की आईशी दोन शब्द बोलायचेही जिवावर यायचं. मी अकाउंट्समध्ये आहे, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच येतील, तुम्ही आपापल्या कामाप्रमाणे फिरवून घ्या.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते, इंट्रोव्हर्ट म्हणजे लाजाळू नव्हे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने १९२१ मध्ये इंट्रोव्हर्ट आणि एक्स्ट्रोव्हर्ट हे दोन प्रकार मांडले तेव्हा मुद्दा माणसाचं लक्ष आणि ऊर्जा आत वळते की बाहेर हा होता, बोलता येतं की नाही हा नव्हताच. मी व्हेंडरशी मस्त भांडते, कॉलनीच्या गणपतीत सूत्रसंचालनही केलंय. फक्त त्यानंतर माझी बॅटरी लाल होते, आणि लाल बॅटरीवर पेमेंट टाकायला बसलं की काय होतं ते पुढे सांगतेच.

तर पहिलं काम, दोन आठवडे फक्त नोंद ठेवा, काहीही बदलू नका. मी जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर प्रत्येक तासापुढे एक अक्षर लिहायचे, माणसं असतील तर ‘मा’, एकटीचं काम असेल तर ‘का’, आणि तास संपल्यावर डोकं किती शिल्लक आहे ते दहापैकी. दोन आठवड्यांनी पानं उलटली तर भलतंच निघालं. मला वाटायचं ऑडिटर आले की मी थकते, तर तसं नाही, ऑडिटर नेमके प्रश्न विचारतात, मी नेमकी उत्तरं देते, सातवर असायचे मी. तीनवर कधी? तर केक कापायच्या दिवशी, आणि अनोळखी नंबरचा फोन आला की. गर्दीचा तर संबंधच नव्हता हो. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर उभी राहते मी दरवर्षी, अख्खं शहर रस्त्यावर असतं, मिसाइल म्हणतात त्या मशीनमधून गुलाल उडतो, पण तिथे कोणाशी काही बोलावं लागत नाही त्यामुळे उलट फ्रेश होऊन येते. म्हणजे डोकी मोजायची नाहीत, बोलणं मोजायचं, त्यातही जिथे तयारी न करता बोलावं लागतं ते.

ही यादी हातात आली की अर्धं काम झालं.

आता तुमचा चांगला तास शोधा आणि त्यात सगळ्यात अवघड काम टाका. माझा साडेनऊ ते अकरा. ऑफिस दहाचं आहे पण मी सव्वानऊला जाते, तेव्हा फक्त झाडू मारणारे भैया असतात, एसी पण चालू नसतो. जीएसटीचं २बी, म्हणजे व्हेंडरनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी, आपल्या परचेस रजिस्टरशी जुळवायचं ते मी तेव्हाच करते, दुपारी केलं असतं तर तीन तास गेले असते ते सकाळी सव्वा तासात होतं. पण लवकर येताय तर लवकर निघा सुद्धा. हे नाही केलं ना तर दोन महिन्यांत सगळे धरून चालतात की ही सव्वानऊ ते साडेसात फ्री आहे, माझं तसं झालं होतं, मग सरांना सरळ सांगितलं की मी सहाला निघत जाईन, ते म्हणाले ठीक आहे, एवढंच. उगाच वर्षभर घाबरत होते मी.

दुसरं, माणसं एका जागी गोळा करा. दिवसभर दर दहा मिनिटांनी एक फोन येण्यापेक्षा तासभर सलग पंधरा फोन परवडले. माझ्याकडे व्हेंडर पेमेंटसाठी फोन करतात, कधीही, जेवताना पण. मी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज टाकला, इंदूर आहे तर हिंदीतच, ‘भाई साहब, पेमेंट का स्टेटस रोज़ चार से पाँच के बीच बता देती हूँ, बिल नंबर पहले भेज देंगे तो देखकर रखूँगी.’ यातला शेवटचा तुकडा सगळ्यात कामाचा आहे. बिल नंबर आधी आला की मी बघून ठेवते, फोन आला की तीस सेकंदांत उत्तर, अचानक काही नाही. पहिल्या आठवड्यात कोणी ऐकलं नाही, अकरा वाजता फोन, मी उचलायचे नाही, लगेच ‘चार बजे करती हूँ’ टाइप करायचे आणि चारला खरंच करायचे. हे खरंच करणं चुकलं की सगळं बोंबललं. तीन आठवड्यांत सवय लागली त्यांना. एक-दोन जुने काका अजूनही केव्हाही करतात, त्यांना सोडून दिलंय.

मीटिंग नंतर रिकामी जागा ठेवा, ही माझी महागात पडलेली शिकवण. एकदा दोन तासांची मीटिंग झाली, सगळे एकमेकांवर ओरडत होते, बाहेर आले आणि कॅलेंडरमध्ये साडेबारा ते दीड मोकळं दिसत होतं म्हणून पेमेंट टाकायला बसले. एका पार्टीला ४१,८०० रुपये दोनदा गेले. परत आले पैसे, पण ते मागायला चार फोन करावे लागले आणि ते माझ्यासारखीला किती जड गेले ते सांगायला नको. सोफी लेरॉय म्हणून संशोधक आहेत, त्यांनी २००९ मध्ये हेच दाखवलं होतं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्यावर गेलं की लक्षाचा एक भाग मागच्या कामातच चिकटून राहतो. आता मीटिंगनंतर वीस मिनिटं मी फक्त हाताची कामं ठेवते, बँक स्टेटमेंट डाउनलोड करणं, व्हाउचर फाइलला लावणं, पंचिंग मशीन. पैसे आणि मेल दोन्ही बंद.

मीटिंगमध्ये बोलायचंच असेल तर पहिल्या दहा मिनिटांत एक मुद्दा बोलून टाका, आदल्या दिवशी लिहून आणलेला. नंतर वाट बघत बसलं की तोच मुद्दा दुसरा कोणी बोलतो आणि आपण मान हलवत बसतो. उरलेलं संध्याकाळी मेलने पाठवा, आपल्यासारख्यांचं लिहून बरं येतं. अजेंडा येत नसेल तर मागा, ‘सर, काय काय घेणार आहोत, आकडे काढून ठेवते’, असं म्हटलं की कोणाला राग येत नाही, उलट खूश होतात.

महिन्याचं पण असंच लावा. माझ्या महिन्याला खुंट्या आहेत, ७ ला टीडीएस म्हणजे कापलेला टॅक्स भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं रिटर्न, २० ला ३बी म्हणजे जीएसटी भरायचं रिटर्न. त्यांच्या आदल्या दोन दिवसांत मी नवीन माणसं घेत नाही, ना इंटरव्ह्यू, ना सॉफ्टवेअरवाल्याचा डेमो. ते सगळं २२ ते २८. मार्चचं वेगळं. २०२४ मध्ये रंगपंचमी ३० तारखेला आली होती, वर्षाचे हिशेब बंद करायच्या, म्हणजे क्लोजिंगच्या, बरोब्बर आदल्या दिवशी, तेव्हा मी २० तारखेलाच लिस्ट उलटी लावली, ज्यात दुसऱ्यांकडून काही मागायचं होतं ते सगळं २७ च्या आत, एकटीने करायचं ते ३१ ला. रविवार होता, ऑफिसात मी आणि वॉचमन, काय काम झालंय त्या दिवशी.

पोह्यांचं काय? साडेदहाला पूर्ण फ्लोर पोहे-जलेबीला उतरतो, आणि रोज नाही म्हटलं तर आपल्या इंदुरात लोक मनाला लावून घेतात, खरंच. मी मंगळवार आणि शुक्रवार ठरवलेत. त्या दोन दिवशी मनापासून जाते, जास्तीचं जिरावन, म्हणजे पोह्यांवरचा मसाला, मागते, कोणाच्या मुलाचं अॅडमिशन झालं सगळं ऐकते, आणि साडेदहा ते अकरामध्ये काही महत्त्वाचं ठेवत नाही. बाकी दिवशी ‘आज नाही, शुक्रवारी पक्का’. असं तारखेसकट नाही म्हटलं की कोणी खेचत नाही.

आठ तासांचं काम आठ तासांत लावू नका, पाच-साडेपाच तासांचंच लावा. बाकीचा वेळ ‘दो मिनट आना’ मध्ये जातो. आधीपासून धरला की चिडचिड तरी होत नाही.

आणि सगळा प्लॅन कोलमडतो असे दिवस येतातच, सकाळी सव्वानऊलाच कोणीतरी समोर येऊन बसतं. त्या दिवशी मी लिस्टमधलं एकच काम ठेवते, बाकीच्यांपुढे उद्याची तारीख टाकते, आणि जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन खाली पार्किंगमध्ये स्कूटीवर बसते. पंचवीस मिनिटं. फोन वरच, ड्रॉवरमध्ये.