दुसऱ्यांचा रखडलेला गेम हाती आला तर

गेम बनवायला शिकताना आपण कायम कोऱ्या प्रोजेक्टपासून सुरुवात करतो. पहिली नोकरी मात्र अशा स्टुडिओत लागू शकते, जिथे दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेला आणि लोकांनी वाट बघणंही सोडून दिलेला गेम पूर्ण करायचा असतो. माझी सुरुवात अशाच ठिकाणी झाली, टेक्निकल आर्टिस्ट म्हणून, म्हणजे कलाकार आणि प्रोग्रामर यांच्यामधलं काम. या कामाबद्दल आधी सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून लिहितेय. इंजिन, व्हर्जन कंट्रोल, रिग हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते.

‘आता थोडंच राहिलंय’ हे वाक्य कुणीही म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. ‘डेड आयलंड २’ची घोषणा २०१४ मध्ये झाली तेव्हा तो यागर या स्टुडिओकडे होता. पुढच्या वर्षी त्यांच्याकडून काढला, २०१६ मध्ये सुमो डिजिटलकडे गेला, २०१९ मध्ये डॅमबस्टरकडे आणि बाजारात आला एप्रिल २०२३ मध्ये. डॅमबस्टरने उरलेलं काम उचललं नाही, जवळजवळ सगळं नव्याने केलं. ‘मेट्रॉइड प्राइम ४’च्या बाबतीत तर निंटेंडोने जानेवारी २०१९ मध्ये जाहीरच केलं की झालेलं काम अपेक्षित दर्जाचं नाही आणि रेट्रो स्टुडिओजबरोबर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतोय. तो आला डिसेंबर २०२५ मध्ये. आधीचं काम बाजूला ठेवणं हा या धंद्यात अपवाद नाही.

उलट उदाहरण ‘ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर’चं. १९९७ ची घोषणा, दुसऱ्याच वर्षी इंजिन बदललं, मे २००९ मध्ये थ्रीडी रिअल्म्सने टीमला नारळ दिला आणि शेवटी गिअरबॉक्सने जून २०११ मध्ये गेम बाहेर काढला. तो कसा झाला यावर लोक अजून भांडतात, पण माझा मुद्दा वेगळा आहे. मधल्या काळात जुन्या टीममधल्या काहींनी ट्रिप्टिक गेम्स नावाने एकत्र येऊन तेच काम चालू ठेवलं होतं. गेमबरोबर तो बनवणारी माणसंही पुढे आली. बहुतेकांच्या नशिबी ही माणसं नसतात आणि सापळा तिथेच असतो.

त्या सापळ्याबद्दल मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण माझं अख्खं वर्ष त्यात गेलं.

जुन्या स्टुडिओकडून डेटा येतो. बिल्ड, म्हणजे गेमची खेळता येणारी प्रत, पहिल्याच दिवशी चालतं. पात्र पळतं, उड्या मारतं, पाऊस पडतो, दारं उघडतात. सगळे खूश होतात आणि प्रोड्यूसर त्या आनंदात वेळापत्रक आखतो. पण बिल्ड चालतंय याचा अर्थ गेम तुमच्या ताब्यात आलाय असा होत नाही. गेममधल्या प्रत्येक वस्तूचे तीन थर असतात. सगळ्यात वर बिल्डमधला शिजवलेला, म्हणजे मशीनवर चालण्यासाठी रूपांतरित केलेला डेटा, त्याखाली इंजिनच्या प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट केलेली फाइल आणि सगळ्यात खाली मूळ फाइल, म्हणजे माया सॉफ्टवेअरमधला रिग, झेडब्रश सॉफ्टवेअरमधलं शिल्प, टेक्श्चरचे सुटे लेअर, आवाजाचं कच्चं रेकॉर्डिंग. आमच्याकडे वरचे दोन थर पूर्ण होते. म्हणूनच तिसरा नाहीये हे बराच काळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मग डिझायनरने भिंतीची उंची थोडी वाढवायला सांगितली. त्यासाठी मुख्य पात्राचं चढण्याचं अ‍ॅनिमेशन किंचित बदलायचं होतं. रिग असता तर दुपारभराचं काम. पण आमच्याकडे होता फक्त सांगाडा आणि प्रत्येक फ्रेमवर बेक केलेल्या कीज, म्हणजे दर फ्रेमला हाडांची पक्की नोंदलेली स्थिती. म्हणजे आधी त्या सांगाड्यावर नवा रिग बांधा, हाडांची नावं आणि अक्ष जुन्याशी तंतोतंत जुळवा, मग जुन्या क्लिप त्यावर चढवा. एवढं करूनही नव्या आणि जुन्या हालचाली एका माणसाच्या वाटेनात. हाच प्रकार आवाजात, पावलं आणि पाऊस एकाच फाइलमध्ये मिसळलेले. हाच टेक्श्चरमध्ये, लेअर गायब आणि उरली ती कॉम्प्रेस झालेली चित्रं. वेळापत्रकात ‘छोटा बदल’ म्हणून लिहिलेलं प्रत्येक काम प्रत्यक्षात ‘पुन्हा बनवा’ असं निघत गेलं.

म्हणून डेटा आला की प्रत्येक प्रकारातली एकेक वस्तू उचला: एक पात्र, एक शस्त्र, एक दार, एक आवाज, एक लेव्हल. तिची मूळ फाइल शोधा, तिच्यात क्षुल्लकसा बदल करा, एक्स्पोर्ट करा आणि तो बदल खेळताना दिसतो का ते बघा. हे सगळं कोऱ्या मशीनवर करा, ज्यावर आधीचं काहीच बसवलेलं नाही. फाइल नुसती उघडली म्हणजे तपासणी झाली असं समजू नका. आमच्याकडे काही फाइली उघडत होत्या, पण त्यांना लागणारी घरगुती स्क्रिप्ट जुन्या स्टुडिओतच राहिली होती. व्हर्जन कंट्रोलचा पूर्ण इतिहासही मागा. नुसती शेवटची प्रत मिळाली तर काय केलंय ते दिसतं, का केलंय ते कळत नाही. आणि हे सगळं लगेच मागा. जुन्या स्टुडिओतली माणसं दुसऱ्या कामांना लागली की उत्तरं येणं थांबतं.

नवीन असाल तर स्पष्टच सांगते, पहिल्या काही महिन्यांत जुन्या कोडबद्दल मत देऊ नका. तुम्हाला वेडगळ वाटणारी अट बहुधा एखाद्या कन्सोलवरचा क्रॅश रोखण्यासाठी घातलेली असते. ‘सगळं टाकून नव्याने लिहू’ हा निर्णय कधीकधी बरोबर असतो, पण तो घेण्याइतकं आपल्याला अजून माहीत नसतं. ऑटो-रिगच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप बांधलेल्या रिगच्या शॉर्टकटबद्दलही माझं मत ठाम आहे. गर्दीतल्या पात्रांना चालेल, मुख्य पात्राला अजिबात नाही. आणि मार्गदर्शक शोधायचा तर आधी टेस्टरांकडे जा. गेम कुठे मोडतो हे त्यांच्याइतकं कुठल्याच लीडला माहीत नसतं. एका टेस्टरशेजारी बसून मी जे शिकले, ते पैसे भरून केलेल्या कोर्समध्ये नव्हतं.

हे वाचून घाबरू नका. रखडलेला गेम शेवटाला नेताना जे शिकायला मिळतं, ते वर्षानुवर्षं प्रोटोटाइप करणाऱ्यांनाही मिळत नाही. मेमरीचं बजेट, कुठला बग सोडून द्यायचा याचा रोजचा वाद, कन्सोलचं सर्टिफिकेशन, म्हणजे गेम बाजारात येण्याआधी कन्सोल कंपनी करते ती तपासणी. खेळता खेळता कंट्रोलर निखळला तर गेम थांबतो का, सेव्ह होताना काही बिघडलं तर काय होतं, असल्या गोष्टींवर तिथे बिल्ड परत येतं. पुढच्या मुलाखतीत मला याच गोष्टी सगळ्यात जास्त विचारल्या गेल्या. ‘यात तुमचं काय?’ हा प्रश्न येईल, तेव्हा आधी आणि नंतर अशी दोन दृश्यं दाखवता आली पाहिजेत. त्यासाठी गोपनीयतेच्या करारात काय बसतं ते विचारून लेखी परवानगी घ्या, तोंडी नको.

क्रेडिट्सचं काम मात्र कुणीही अंगावर घेत नाही, तेव्हा ते तुम्ही घ्या. जुन्या टीमची नावं घालण्याची सक्ती कायद्याने होईलच असं नाही. आयजीडीए या गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती पाळायची की नाही हे स्टुडिओ ठरवतो. ज्यांच्या सांगाड्यावर तुमचा रिग उभा आहे, त्यांची नावं शेवटी दिसायलाच हवीत, यावर माझ्यापुरती तडजोड नाही. क्रेडिट्स बिल्डमध्येच असतात, त्यामुळे सर्टिफिकेशनला बिल्ड जाण्याआधी यादी पक्की होते आणि त्या धावपळीत जुनी नावं शोधायला कुणाला वेळ नसतो. मूळ फाइली मागाल त्याच पत्रात ती यादीही मागून घ्या.