सोसायटीच्या बागेतली घूस: बीळ बुजवायचं ते सगळ्यात शेवटी

सकाळी लॉनवर ताज्या मातीचा ढीग आणि शेजारी मूठ जाईल एवढं भोक दिसलं, की ते काम बहुधा घुशीचं. इंटरनेटवर शोधलं की 'मोल' या जमीन पोखरणाऱ्या प्राण्यावरचे परदेशी उपाय सापडतात: एरंडेल शिंपडा, मातीतल्या अळ्या मारा. मोल गांडुळं आणि किडे खातो, आणि ठाणे-नवी मुंबईत तो नाहीच. घुशीला कंद, पोळी, खरकटं, मासळीचे काटे, काहीही चालतं. लांब नाकाची, उग्र वासाची चिचुंद्री वेगळी. ती किडे खाते, तिला राहू द्या.

आधी चालू बिळं ओळखा. संध्याकाळी प्रत्येक भोक मातीने तात्पुरतं बुजवून शेजारी काडी रोवा. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली. एका बिळाला अनेक तोंडं असतात, म्हणून दहा भोकं म्हणजे दहा घुशी नव्हेत. कंपाउंडची भिंत, पेव्हर ब्लॉकची कड आणि पावसाळी गटाराचे फुटके जोड नीट पाहा.

मग अन्न तोडा. बहुतेक सोसायट्या इथेच घसरतात, कारण औषध मारणं सोपं आणि सभासदांना सांगणं अवघड. ओला कचरा रात्री उघडा ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कबुतरांचे दाणे आणि कुत्र्यांचं उरलेलं खाणं अंधार पडण्याआधी उचला. कंपोस्टच्या खड्ड्याला तळापासून अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावा. बाहेर पोटभर मिळत असेल तर पिंजऱ्यातलं आमिष कोण खाईल?

पिंजरा मोठा, जाड तारेचा घ्या. घरातल्या उंदराच्या पिंजऱ्यात घूस मावत नाही. तो भिंतीला लागून, घुशीच्या वाटेवर ठेवा. आमिषाला सुका बोंबील किंवा भाजलेलं खोबरं. घूस नव्या वस्तूला बिचकते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन रात्री दार बांधून उघडंच ठेवा, आमिष खाल्लं जाऊ लागलं की मग सापळा लावा. पकडलेली घूस पिंजऱ्यासकट पेस्ट कंट्रोलवाल्याकडे द्या. खाडीकाठी सोडणं म्हणजे शेजारच्या सोसायटीला भेट देणं. चिकट पॅड तर नकोच. एवढ्या मोठ्या जनावराला तो धरत नाही आणि पक्षी, सरडे मात्र अडकतात.

एवढ्यावर भागलं नाही तरच विष, तेही परवानाधारक माणसाकडून. ब्रोमॅडिओलोनच्या ०.००५ टक्क्याच्या वड्या मिळतात. त्या उघड्यावर न टाकता ४ इंची पीव्हीसी पाइपच्या दीड-दोन फुटी तुकड्यात आत तारेने बांधून ठेवाव्यात. घूस लगेच नाही, काही दिवसांनी मरते. तोवर रोज सकाळी मेलेल्या घुशी शोधून, हातमोजे घालून, खोल पुरा, नाहीतर मांजर किंवा घुबड ते विष खाईल. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या बिळात टाकायला कोणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. त्यांचा विषारी वायू जमिनीतून तळमजल्याच्या घरात शिरू शकतो. बिळात पाण्याचा पाइप सोडणंही चुकीचं, त्याने भिंतीखालची माती वाहून पेव्हर खचतात.

सलग आठवडाभर एकही बुजवलेलं भोक उकरलं गेलं नाही, की मग बिळं कायमची बंद करा. खडी ठोकून भरा, भिंतीलगत वर सिमेंट काँक्रीट घाला. नुसती माती घातली तर नवी घूस तीच पोकळी वापरते. वाफ्याच्या कडेला जाळी दीड-दोन फूट खोल पुरा आणि तळाशी अर्धा फूट बाहेरच्या बाजूला वळवा.

हे सगळं मे महिन्यात उरकलं तर उत्तम. पावसात बिळं भरली की घुशी पार्किंगमध्ये आणि लिफ्टच्या खड्ड्यात येतात. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचा) धोकाही तेव्हाच वाढतो, कारण घुशीचं मूत्र चिखलात मिसळतं. माळ्याला गमबूट आणि रबरी हातमोजे द्या. काम केल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरला घुशीच्या बिळाबद्दल जरूर सांगावं. रस्त्याकडेच्या गटारातून येणाऱ्या घुशींसाठी ठाण्यात प्रभाग समिती कार्यालयात, नवी मुंबईत विभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.