महाविद्यालय बदलण्याच्या अर्जातील निबंध तक्रारीसारखा वाटत असल्यास : माझा अनुभव
महाविद्यालय बदलण्यासाठी लिहिलेला माझा निबंध वाचणाऱ्याला तक्रार-अर्जासारखा वाटे, आणि त्यातले नव्या महाविद्यालयाचे नाव बदलून तोच मजकूर कोठेही पाठवता आला असता. आधी मी शब्द भारदस्त केले, मग नव्या संस्थेची स्तुती वाढवली. दोन्हींमुळे निबंध केवळ लांबला. पाचव्या मसुद्यानंतर ती फाइल उघडण्याचीही इच्छा उरली नव्हती.

मग नव्याने सुरुवात केली. प्रथम सध्याच्या आणि नव्या महाविद्यालयाचे अभ्यासक्रम शेजारीशेजारी ठेवून माझे इथले शिक्षण नेमके कोठे थांबते ते शोधले. इथे संख्याशास्त्राचे दोनच पेपर होते, आणि माझ्या प्रकल्पात एकाच व्यक्तीच्या वारंवार घेतलेल्या नोंदी असल्याने त्यांचे विश्लेषण कसे करायचे, हे त्या दोहोंत कोठेच नव्हते. निबंधाची सुरुवात मग या अडलेल्या प्रकल्पापासूनच केली. त्यानंतर इथे जे मिळाले ते लिहिले (हा भाग गाळण्याचा मोह होतो, पण त्यावाचून पुढची मागणी पोकळ वाटते), तक्रार एका वाक्यात आणली आणि नव्या ठिकाणचा एकच विषय त्या अडचणीशी जोडला. शेवटी महाविद्यालयाच्या नावाच्या जागी दुसरे नाव घालून पाहिले. तिसरा परिच्छेद लगेच खोटा ठरला, म्हणजे तो मजकूर आता दुसरीकडे चालणारा नव्हता; तेव्हा मूळ नाव परत घालून निबंध पाठवला.